मुक्त फॉरमॅट गाजू लागल्यास कंपनीने घाबरून जाऊ नये

समजा, तुमची सॉफ्टवेअर कंपनी आहे. तुमचा स्वतःचा ऑडिओ फॉरमॅट आहे, त्यावर रॉयल्टीही येते. अशात कुणीतरी सोर्स कोडसकट फुकट वाटलेला फॉरमॅट लोकांना आवडू लागतो. शांत राहा. पहिली काही वर्षं काहीच करायचं नसतं. कुणी विचारलंच तर सांगा, "आमच्या ग्राहकांकडून तशी मागणी नाही." यात खोटं काही नाही. तुमच्या प्लेअरमध्ये ती फाइल उघडतच नाही, मग ती वाजवणारे ग्राहक मोजले तर शून्यच भरणार.

ही ब्याद येते कुठून? पुष्कळदा आपल्याच परवाना विभागातून. सप्टेंबर १९९८ मध्ये जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने एमपीथ्रीसाठी परवाना शुल्क आकारण्याचा इरादा पत्राने कळवला आणि ख्रिस माँटगोमेरी हा प्रोग्रॅमर व मंडळींनी व्हॉर्बिस या मुक्त ऑडिओ फॉरमॅटचं काम नेटाने हाती घेतलं. जुलै २००२ मध्ये त्याची १.० आवृत्ती आलीसुद्धा. तरी तुम्ही वसुलीची पत्रं थांबवू नका. प्रतिस्पर्धी तयार व्हायला चार वर्षं लागतात, तिमाही निकाल तीन महिन्यांत लागतो.

प्रकरण अंगाशी येऊ लागलं की पेटंटची भीती घाला. "यात कुणाचं तरी पेटंट दडलेलं असू शकतं," एवढंच म्हणा. कुणाचं, कुठलं, असं विचारणाऱ्याकडे फक्त खिन्नपणे बघा. २००७ मध्ये वेबपानांचं मानक असलेल्या एचटीएमएल ५ च्या मसुद्यात ब्राउझरांनी ऑग, म्हणजे व्हॉर्बिसच्या घराण्यातले मुक्त फॉरमॅट चालवावेत अशी शिफारस होती. नोकिया आणि ॲपलने हरकत घेतली आणि डिसेंबरात ती ओळ गेली. नोकियाच्या निवेदनात तर ऑगलाच मालकीचं तंत्रज्ञान म्हटलं होतं! जे कुणाच्याच मालकीचं नाही त्याला मालकीचं म्हणायला छाती लागते. ती तुमच्याकडे नसेल तर सल्लागार नेमा.

मग स्वतःचं काहीतरी काढा. हे फार महत्त्वाचं. फ्लॅक २००१ मध्ये आलं, गुणवत्ता तसूभरही न गमावता फाइल लहान करणारं, पूर्ण मुक्त. २००४ मध्ये ॲपलने नेमकं तेच करणारा आपला अ‍ॅलॅक आणला आणि २०११ मध्ये त्याचा कोड खुला केला. मधली सात वर्षं वाया गेली असं कुणी म्हणेल, पण त्या काळात आयपॉडवाल्यांनी आपापल्या सीडी कशात साठवल्या असतील याचा विचार करा.

मायक्रोसॉफ्टने तर कमालच केली. २००४ मध्ये 'प्लेजफॉरशुअर' हे नाव आणलं. म्हणजे हा शिक्का असलेल्या दुकानातलं गाणं असा शिक्का असलेल्या प्लेअरवर नक्की वाजणार. २००६ मध्ये त्यांनी स्वतःचाच झून प्लेअर काढला. त्यावर ती गाणी वाजत नव्हती. (मला हे आठवलं की आजही त्या बैठकीला हजर राहायला मिळायला हवं होतं असं वाटतं.)

इतकं करूनही लोक ऐकत नसतील तर सपोर्ट द्या, पण हात राखून. आयओएस ११ मध्ये, २०१७ साली, फ्लॅक वाजू लागलं, पण फाइल्स ॲपमध्ये. म्युझिक ॲपच्या लायब्ररीत त्याला प्रवेश नव्हता. ॲपलच्या सफारी ब्राउझरने ओपस हा आणखी एक मुक्त फॉरमॅट घेतला, मात्र बरीच वर्षं ऑगच्या वेष्टनातून (कंटेनरमधून) नव्हे, ॲपलच्याच सीएएफ कंटेनरमधून. कुणी म्हणालं चालत नाही, तर म्हणा चालतं. कुणी म्हणालं चालतं, तर पुढच्या अपडेटची वाट पाहा.

याहून पोक्त कंपन्या सरळ समितीत जाऊन बसतात. ओपसमध्ये अर्धा भाग व्हॉर्बिसवाल्या झिफ संस्थेच्या सेल्ट या तंत्राचा, अर्धा स्काइपच्या सिल्क या तंत्राचा. सप्टेंबर २०१२ मध्ये त्याचं मानक प्रसिद्ध झालं तोवर स्काइप मायक्रोसॉफ्टच्या घरात आलेलं होतं. मुक्त फॉरमॅटचे जनक म्हणून मिरवायची अशी संधी अनपेक्षितपणे दारात आली तर नाही म्हणू नये.

शेवटी प्रसिद्धिपत्रक. मुक्त मानकांवर आपला पहिल्यापासून विश्वास होता, हे पहिल्याच ओळीत येऊ द्या. ज्या इंजिनिअरने या फॉरमॅटचा डीकोडर (फाइल वाजवणारा कोड) फार पूर्वी एका दुपारीत बसवून दाखवला होता आणि ज्याला "रोडमॅपमध्ये नाही" म्हणून गप्प बसवलं होतं, त्याला फोटोत पुढे उभं करा. तो एव्हाना नोकरी सोडून गेला असेल, तर गप्प बसवणाऱ्या मॅनेजरला.