चांदीच्या वाटीतली हळद साखर जाळत नाही

निपाणी-चिकोडीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. हळदीचं पाणी चांदीच्या वाटीत ठेवलं की हळदीच्या रेणूंचा प्रकाश शंभरपट वाढतो, तो पोटात जाऊन साखर जाळतो, मधुमेहाच्या गोळ्या सुटतात. नोबेलविजेत्या पर्सेलनी सिद्ध केलंय म्हणे. पुरावा काय, तर नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली चमकणाऱ्या वाटीचा व्हिडिओ. खानापूरच्या माझ्या मावशीने हे वाचून हुपरीची वाटी मागवली आणि गोळ्या बंद केल्या. तेव्हा गप्प बसवेना.

हळदीतलं कुरक्युमिन जांभळा प्रकाश शोषतं आणि हिरवट-पिवळा बाहेर टाकतं. टॉर्च बंद केला की ही चमक नॅनोसेकंदभरात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, संपते, साठून राहत नाही. वाटी ओठाला लागेपर्यंत तिचा मागमूस उरत नाही आणि पोटात तर काळोखच. मग साखर जाळायला प्रकाश आला कुठून?

चांदीचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करावं लागतं. रेणू किती वेगाने प्रकाश सोडतो हे शेजारी काय आहे यावरही ठरतं. 1970च्या सुमारास जर्मनीत ड्रेक्सहागे या शास्त्रज्ञांनी एकेका रेणूच्या जाडीचे थर रचून युरोपियम या मूलद्रव्याचे चमकणारे रेणू धातूच्या आरशापासून मोजक्या अंतरावर बसवले. अंतर बदललं तसा चमक टिकण्याचा काळ कमी-जास्त होत गेला. धातूला अगदी खेटलेले रेणू मात्र उजळत नाहीत, विझतात. त्यांची ऊर्जा धातूच गिळतो. चमक वाढते ती चांदीच्या अतिसूक्ष्म कणांपासून साधारण 5 ते 30 नॅनोमीटरवर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). वाटीतलं 3 सेंटीमीटर पाणी म्हणजे 3 कोटी नॅनोमीटर! त्यातल्या बहुतेक हळदीपर्यंत चांदीचा हा परिणाम पोचतच नाही.

व्हिडिओतली वाटी उजळ दिसते, कारण चकचकीत चांदी प्रकाश परतवते. मावशीसमोर दोन काचेच्या ग्लासांत हळद कालवली, एकात पाणी, दुसऱ्यात गोडेतेल. टॉर्चखाली तेल झगझगीत हिरवट-पिवळं झालं, पाणी मंदच राहिलं. भोवतालच्या पदार्थाने चमक बदलते ती अशी, चांदीशिवायसुद्धा.

पर्सेलनी 1946 मध्ये उत्सर्जनावरचा भोवतालचा परिणाम मांडला हे खरं, पण त्यांचं 1952 चं नोबेल अणुकेंद्रांच्या चुंबकीय मोजमापासाठी होतं. हळदीचा किंवा मधुमेहाचा त्यात संबंध नाही.

हा मेसेज वाचून कुणी गोळ्या थांबवल्या असतील तर आजच आपल्या डॉक्टरांना गाठा.