गरोदर बाईच्या टाचेला काहीही चालते काय?

काल संध्याकाळी औषधाच्या दुकानात मी सातव्या महिन्याचे पोट घेऊन उभी होते आणि ते पोट काउंटरच्या काचेला टेकलेले दिसत असतानाही पलीकडच्या गृहस्थांनी मला क्लोबेटासोल आणि सॅलिसिलिक ॲसिड एकत्र असलेले मलम काढून दिले. भेगाळलेल्या टाचांसाठी मी मागितले होते कातडी मऊ करणारे युरियाचे साधे क्रीम. ते संपले आहे असे सांगून त्यांनी ही ट्यूब पुढे सरकवली आणि म्हणाले, "ताई, हे त्याच्यापेक्षा भारी आहे. रात्री जाड थर लावा, वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधा, मोजे घाला, चार दिवसांत गुण येतो." चिठ्ठी मागितली नाही, कितवा महिना हे विचारले नाही, भेगांतून रक्त येते का, हेही विचारले नाही. वेष्टनावरची बारीक अक्षरे मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठी करून वाचल्यावर मी विचारले, "हे गरोदरपणात चालते का?" त्यावर उत्तर मिळाले, "बाहेरून तर लावायचे आहे, पोटात थोडेच जाते?"

या एका वाक्याने माझे डोके अजून तापलेले आहे. ज्या माणसाच्या हातून रोज शेकडो औषधे लोकांच्या घरी जातात, त्याला त्वचेतून औषध रक्तात उतरते हे ठाऊक नसावे? सॅलिसिलिक ॲसिड हे ॲस्पिरिनच्याच कुळातले. कमी तीव्रतेचे, थोड्याशा जागेवर लावलेले असेल तर सहसा भीती नसते हे मान्य. परंतु चिरलेल्या त्वचेवर, दोन्ही पायांना, जाड थर देऊन वरून प्लॅस्टिक गुंडाळले की ते कितीतरी अधिक शोषले जाते, आणि नेमकी तीच कृती मला सांगितली गेली. क्लोबेटासोल तर सर्वांत तीव्र स्टेरॉइडांपैकी एक. गरोदरपणात अशी तीव्र मलमे मोठ्या प्रमाणात वापरल्यास बाळाचे वजन कमी भरण्याशी त्याचा संबंध आढळलेला आहे. शिवाय भेगांच्या मुळाशी बुरशी असेल, तर स्टेरॉइडने ती वाढतेच. स्टेरॉइड मलमांच्या सर्रास विक्रीला आळा घालण्यासाठी सरकारने 2018 साली नियम कडक केले, वेष्टनावर इशारा छापला जातो, आणि तरीही काउंटरवर ते गोळ्याबिस्किटांइतक्या सहजतेने मिळते. मी ट्यूब तिथेच ठेवली, तर गृहस्थांना राग आला! राग त्यांना येतो, आणि टाच टेकवताना कळ माझ्या मस्तकात जाते.

दुकानदाराचे एकवेळ सोडून देते, पण बाकीच्यांचे काय? शाळेतल्या एका सहकारी बाईंनी अत्यंत प्रेमाने मला कॉर्नकॅपची, म्हणजे कुरुपावर चिकटवायच्या औषधी पट्ट्यांची, पाकिटे आणून दिली, ज्यांत तेच सॅलिसिलिक ॲसिड साधारण 40 टक्के असते. पार्लरमधल्या मुलीने पेडिक्युअर करताना ब्लेड हातात घेतले, आणि मी पाय मागे ओढला तेव्हा तिला मी उगाच घाबरट वाटले. ज्या ब्लेडने आधी कुणाची टाच तासली हे माहीत नाही, त्याने माझी त्वचा चिरायची आणि जंतुसंसर्ग झाला की प्रतिजैविके मी घ्यायची, हा कुठला न्याय? पायांची साल काढणारे ते मोजेही बाजारात जोरात आहेत. आत कुठली आम्ले किती टक्के आहेत, हे शोधायला भिंग घ्यावे लागते, आणि शेवटी एक ओळ असते की गर्भवतींनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

मग डॉक्टरांकडे जावे. गेले. पायांचा विषय काढताच, "बाळंतपणानंतर बघू," असे म्हणून त्यांनी फाइल मिटली. टाचा म्हणजे नटण्यामुरडण्याची बाब, असा समज सगळीकडे पक्का बसलेला आहे. वाढलेले वजन याच टाचांवर येते, दिवसभर वर्गात उभे राहावे लागते, घरात शहाबादी फरशीवर अनवाणी वावर असतो, सोलापूरची कोरडी हवा आहे, आणि पोटामुळे वाकून स्वतःची टाच पाहताही येत नाही. ज्या बाईला गरोदरपणातला मधुमेह निघाला आहे, तिची भेग चिघळली तर तेही बाळंतपणानंतर बघायचे का?

संतापाचे खरे कारण हे की उपाय सोपा आणि स्वस्त आहे, फक्त तो कुणी तोंडातून काढत नाही. कोमट पाण्यात दहा मिनिटे पाय ठेवावेत, त्यात सोडा, लिंबू, फिनेल असले काही घालू नये. मऊ झालेली कातडी वज्रीने अगदी हलक्या हाताने घासावी; भेग उघडी असेल तर तिथे वज्री लावूच नये. पाय टिपून ओलसर असतानाच 10 टक्के युरियाचे क्रीम लावावे. कातडी फार जाड असेल तर 20–25 टक्क्यांचे, आणि तेही रक्त येत नसेल तरच, कारण उघड्या भेगेत युरिया झोंबतो. क्रीम मिळाले नाही तर पांढरी पेट्रोलियम जेली पुरते. कोकणातल्या घरांत कोकमतेलाचा गोळा तापवून भेगांत भरतात, तेही उत्तम. वर सुती मोजे घालावेत आणि ते घातल्याशिवाय पलंगावरून उतरू नये, कारण तेलकट पायाने फरशीवर घसरणे भेगेपेक्षा कितीतरी महाग पडते. हे करायला माझ्या नवऱ्याला पंधरा मिनिटे लागतात, आणि ती तो रोज काढतो, हे मात्र सांगायलाच हवे.

आणि एक गोष्ट, जिच्यावरून माझा आत्याबाईंशी वाद झाला. शेवटच्या महिन्यांत तळहात आणि तळपाय खाजू लागले, पुरळ नसताना रात्री खाज वाढू लागली, तर "कोरडेपणा आहे, तेल चोळ" असे कुणीही सांगू नये. ते यकृतातल्या पित्ताच्या विकाराचे लक्षण असू शकते, रक्तातील पित्ताम्लांच्या तपासणीने ते कळते, आणि त्यात धोका बाळाला असतो. भेग चिघळून लाल झाली, पू आला, ताप आला, किंवा पाय अचानक सुजून डोके ठणकू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

येत्या तपासणीला मी फाइलच्या आधी मोजे काढणार आहे. "बाळंतपणानंतर" हा शब्द आला, तर किती टक्क्यांचे युरिया क्रीम आणि दिवसातून किती वेळा, हे चिठ्ठीवर लिहून घेतल्याशिवाय मी खुर्चीवरून उठणार नाही.