साडेचार फुटी लेथ, दोन सुताचं भोक

लेथ, म्हणजे लोखंड गरागरा फिरवून कातायचं यंत्र, विकत घेणं सोपं असतं. भंगारवाला घासाघीस करू देतो, टेम्पोत चढवायला माणसंही देतो. त्याला तेल कुठून घालायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. आमचा साडेचार फुटी राजकोटी लेथ एमआयडीसीतल्या एका बंद पडलेल्या शेडमधून घरामागच्या पत्र्याखाली आला. अंगावर हिरव्या रंगाचे इतके थर होते की आतलं बीड दिसायला त्याची अक्षरशः खरडपट्टी काढावी लागली. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर थापलेल्या मारुतीचे डोळे शोधावेत, तशी मी त्याची तेलाची भोकं शोधत बसलो.

सापडली हळूहळू. सॅडलच्या, म्हणजे हत्यार घेऊन सरकणाऱ्या भागाच्या, चारी पंखांवर, क्रॉस स्लाइडवर, टेलस्टॉकच्या डोक्यावर, लीड स्क्रूच्या टोकाच्या ब्रॅकेटवर. एक तर ॲप्रनच्या हातचाकामागे असं दडलं होतं की ज्याने ते तिथे पाडलं, त्याला पुन्हा कधी तेल घालायचं नसावं.

प्रत्येक भोकात पितळेची इवलीशी टोपी, तिच्यात स्टीलची गोळी, गोळीखाली स्प्रिंग. ऑइल कॅनचं टोक दाबलं की गोळी खाली जाते, तेल आत शिरतं. टोक काढलं की गोळी वर येऊन दार लावून घेते, म्हणजे बीडाचा कीस आत जात नाही. झकास रचना. पण आधीच्या मालकाने तेलाच्या जागी ग्रीस भरलं होतं. ते वाळून लाखेसारखं झालेलं. जिथे गोळीच निखळली होती, तिथे ग्रीसमध्ये कीस मिसळून अशी लापशी झाली होती की तिने मशीन चालत नसून घासली जात होती. एका भोकात तर आगकाडी निघाली. तिचा गुल मात्र शाबूत होता, पेटली असती.

जुन्या टोप्या काढणं त्यातल्या त्यात सुखाचं. आत सेल्फ टॅपिंग स्क्रू फिरवायचा, पक्कडीने ओढायचा, टोपी दातासारखी बाहेर.

मग नव्या टोप्या. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. सोनं, चपला, मिरची, गूळ, काय हवं ते मिळतं. मी रुमालातली पितळी टोपी दुकानादुकानांत दाखवत फिरलो.

"हे ट्रॅक्टरचं हाय का?"

"नाही, लेथचं."

"मग ट्रॅक्टरचं घेऊन जावा की."

एकाने सहा एमएमचं दिलं. माझं भोक दोन सुताचं, म्हणजे पाव इंच, म्हणजे 6.35 एमएम. टोपी सरळ आत पडली. "टेफ्लॉन गुंडाळा काका," दुकानदार म्हणाला. नळाला टेफ्लॉन, ट्रॅक्टरला टेफ्लॉन. उद्या पत्रिका जुळत नसली तरी हा माणूस टेफ्लॉनच सुचवेल.

शेजारचे मामा कुंपणावरून म्हणाले, "काय करायलाव एवढं? घरचं करडईचं तेल सोडा की चार थेंब." मामांचा करडईवर फार जीव. पण करडईचं तेल हवेत राहिलं की चिकट होत जातं, म्हणून तर ते रंगातही वापरतात. बेडला, म्हणजे सॅडल ज्यावरून सरकतं त्या पट्ट्यांना, 68 ग्रेडचं खास स्लाइडवे तेल लागतं. तरी मामांना बोलायचं कसं? या गावाने 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणून प्यायलंय. कोरडं पडलेलं काही दिसलं की जवळ असेल ते ओतायचं, ही सवय आता अंगात मुरली आहे.

शेवटी एका जुन्या टर्नर मिस्त्रींनी मार्ग दाखवला. भोकच आठ एमएमचं करायचं. आधी 7.8 चं ड्रिल, मग भोक नेमक्या मापाला आणणारा 8 चा रीमर. ड्रिलच्या खाचांत ग्रीस भरायचं, म्हणजे कीस आत न पडता त्यालाच चिकटतो. (लेथमधल्या ग्रीसचा एवढाच काय तो उपयोग.) नवी टोपी हातोडीने ठोकायची नाही, टोकाला खोलगट केलेला पितळी दांडा घ्यायचा, म्हणजे दाब गोळीवर न येता कडेवर येतो.

"असा दांडा कुठं मिळेल?"

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. "सर, लेथ तुमच्याकडंच हाय ना?"

म्हणजे लेथला तेल मिळावं म्हणून टोपी, टोपी बसवायला दांडा, दांडा करायला लेथ, आणि लेथ कोरडा! उघड्या भोकांत कुपीने थेट तेल सोडून, देवाचं नाव घेऊन तेवढा दांडा काढला.

आठच्या टोप्या राजकोटहून मागवल्या. फोनवरचा माणूस "सौ से कम नहीं भेजते" यावर ठाम. पुडा आला, टोप्या बसल्या. ऑइल कॅन दाबला तर सॅडलखालून आधी काळं, मग तांबूस, मग स्वच्छ तेल आलं. बायको म्हणाली, "अहो, फरशीवर सांडतंय." मी म्हटलं, "सांडू दे." घरात हे वाक्य मी प्रथमच इतक्या अधिकाराने उच्चारलं.

उरलेल्या टोप्या तशाच पडून आहेत. परवा एक पोरगं दारात आलं. गोलाईतल्या त्याच टेफ्लॉनवाल्याने पाठवलेलं.

"काका, ते गोळीचं तुमच्याकडं मिळतंय म्हणं. सहाचं द्या."

"सहाचं नाही," मी म्हणालो, "आठचं आहे. भोक मोठं करून घे."