पेटंट घ्या, नांगर कशाला धरता?

1870 च्या सुमारास तुम्ही अमेरिकेत आयोवा किंवा इलिनॉयमध्ये असाल आणि मका पेरायचा बेत असेल, तर तो आधी रद्द करा. मक्याला पाऊस लागतो, शिवाय त्यावर टोळधाड येते. पेटंटाला यातले काही नाही. अर्जासोबत 15 डॉलर, मंजुरीनंतर 20, की 17 वर्षे निवांत.

सोबत बारा इंचांत मावणारा नमुना पाठवावा लागेल. नमुना नेहमीच सुरेख चालतो, कारण त्याच्या दात्यांत ओले गवत कधी अडकत नाही. वॉशिंग्टनच्या पेटंट कार्यालयात तो सुखरूप राहील. 1836 च्या आगीत तिथले जवळजवळ सगळे जळाले होते आणि 1877 साली पुन्हा हजारो नमुने जळायचे आहेत, पण तेवढे चालायचेच.

मात्र खरोखर नवे काही शोधायच्या फंदात पडू नका. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरलूच्या फ्रेंच आणि फॅंचर यांनी 1862 मध्ये नांगर-तोफेचे पेटंट मिळवले, क्रमांक 35,600. नांगराची हळस, म्हणजे लांब दांडा, हीच तोफेची नळी, गोळा एक ते तीन पौंडांचा, आणि जमिनीत रुतलेला फाळ मागचा धक्का सोसणार. कल्पना बिनतोड! बार काढण्याआधी पुढची जनावरे सोडायला विसरायचे नाही, एवढेच. अशा अस्सल बुद्धीने कोणाचे घर चालत नाही.

शोध असा हवा, जो शेजारीपाजारी आधीच वापरत आहेत. उत्तम उदाहरण ठोकविहिरीचे. दीड-दोन इंची लोखंडी नळी घ्यायची, खाली पोलादी टोक लावायचे, त्याच्या वर हातभर भागात छिद्रे पाडायची. छिद्रांवर बारीक जाळी हवीच, नाहीतर वाळू भरून नळी बुजते. मग घणाने ठोकत पाण्याच्या थरापर्यंत उतरवायची आणि डोक्यावर हातपंप बसवायचा. पाणी पंचवीस फुटांहून खोल असेल तर दांडा कितीही हलवा, पंपाची ओढ तिथवर पोचत नाही. खडक लागला तर टोकच वाकते. पण ही डोकेदुखी विहीर ठोकणाऱ्याची, तुम्ही पेटंटवाले.

कर्नल नेल्सन ग्रीन यांनी 1861 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्टलंडला ही युक्ती केली. अर्ज केला 1866 मध्ये, पेटंट मिळाले 1868 मध्ये. घाई नाही, कारण मधल्या काळात लोक आपल्या खर्चाने नळ्या ठोकून घेतात. खरी करामत 1871 ची. त्या वर्षी ‘दुरुस्त’ पेटंट निघाले आणि दावा फक्त नळी ठोकण्यापुरता न राहता, ठोकलेल्या नळीतून ओढीने पाणी काढण्याच्या अख्ख्या रीतीवर गेला. आता घरोघर फिरायचे आणि विहिरीमागे 10 डॉलर मागायचे. शेतकरी कुरकुरला तर खटल्याचा धाक घालायचा. वकिलाची फी 10 डॉलरांहून जास्त, एवढा हिशेब त्याला येतो.

फिरायचा कंटाळा असेल तर हक्क काउंटीवार, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्याने, विकून टाका, कायद्याची त्याला परवानगी आहे. रोकड मागू नका, ‘पैसे नंतर देईन’ अशा वचनचिठ्ठीवर सही घ्या आणि ती लगेच गावातल्या बँकेत सूट देऊन मोडा. यंत्र बिघडले, हक्क बोगस निघाला, तरी शेतकऱ्याला पैसे बँकेला द्यावे लागतात, कारण बँकेने चिठ्ठी भाबडेपणाने घेतलेली असते. काही राज्यांनी अशा चिठ्ठीवर ‘पेटंट हक्कापोटी’ असे लिहिण्याची सक्ती केली. तिथे जरा बारीक अक्षरात लिहा.

न्यायालयाला भिऊ नका, ते निवांत चालते. ग्लिडन यांच्या काटेरी तारेच्या पेटंटाची मुदत नोव्हेंबर 1891 मध्ये संपली आणि ते वैध असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1892 मध्ये आला. ठोकविहिरीचे पेटंट 1885 मध्ये संपले. 1887 साली त्याच न्यायालयाने ते ग्राह्य धरले, आणि वर्षअखेरीस दुसऱ्या खटल्यात रद्द ठरवले. कारण काय, तर अर्जाच्या दोन वर्षांहून आधीपासून लोक ती रीत खुलेआम वापरत होते! म्हणजे ज्या उशिरामुळे वसुलीला गिऱ्हाईक मिळाले, तोच उशीर नडला. पण निकालाची वाट बघत बसता कशाला? सरकत्या फाटकांवरही अशीच वसुली होते. शेजारच्या काउंटीत ती किती आहेत, ते मोजायला आजच माणूस पाठवा.