दालीचं आडनाव आणि त्यावर रचलेली वंशावळ

साल्वादोर दाली या चित्रकाराच्या आडनावाबद्दल एक लांबलचक पोस्ट सध्या मराठी ग्रुपांवर फिरते आहे. वर त्याच्या टोकदार मिशांचा फोटो, खाली ठळक अक्षरांत ‘आडनाव कधी खोटं बोलत नाही’. एरवी मी वाचून सोडून दिली असती. पण माझी भाची कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. तिने ती पोस्ट जशीच्या तशी प्रकल्पाच्या वहीत उतरवली आणि तिच्या वहीवरून वर्गातल्या इतरांनी. ‘अगं मावशी, सगळीकडे हेच लिहिलंय,’ असं ती मला सांगते. सगळीकडे लिहिलंय म्हणूनच नीट उत्तर द्यायला बसले आहे.

ज्यांच्यापर्यंत ती पोहोचली नसेल त्यांच्यासाठी त्यातले दावे सांगते. दाली हे आडनाव अरबी आहे. ७११ साली स्पेनवर चालून आलेल्या मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मुस्लिम, सैन्याबरोबर ते आलं. २०१७ मध्ये दालीची कबर उघडून डीएनए तपासलं तेव्हा हे सिद्ध झालं. दालीने स्वतःच हे कबूल केलं होतं. आज जगात हे आडनाव लावणारे फक्त अकरा जण उरलेत. त्याने एअर इंडियाकडे हत्ती मागितला, कारण पूर्वेची ओढ त्याच्या रक्तात होती. आणि शेवटी वाचकांना सल्ला: आपल्या आजूबाजूच्या आडनावांचाही असाच छडा लावा, म्हणजे कोण मूळचं कुठलं ते कळेल.

डीएनएपासून सुरुवात करते, कारण भाचीला सगळ्यात पटलं ते हेच. विज्ञानाचं नाव घेतलं की पुढचं कुणी तपासत नाही.

२०१७ च्या जुलैत दालीची कबर उघडली, हे खरं आहे. फिगेरेस या त्याच्या जन्मगावी त्याने स्वतः उभारलेलं नाट्यगृह-संग्रहालय आहे, तिथेच त्याला पुरलं आहे. २० जुलैच्या रात्री, पर्यटक गेल्यावर, तिथली शिळा बाजूला केली. वरून कुणी ड्रोनने चित्रण करू नये म्हणून काचेच्या घुमटाखाली कापड लावलं होतं. केस, नखं आणि हाडांचे नमुने घेतले. १९८९ मध्ये ज्याने दालीच्या पार्थिवावर लेपन केलं होतं तोही हजर होता. मिशी अजून तशीच आहे, दहा वाजून दहा मिनिटांच्या काट्यांसारखी, हे त्यानेच बाहेर येऊन सांगितलं आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी छापलं.

हे सगळं कशासाठी? एका महिलेने आपण दालीची मुलगी असल्याचा दावा केला होता आणि माद्रिदच्या कोर्टाने पितृत्व तपासायचा आदेश दिला होता. सप्टेंबरमध्ये निकाल आला: दाली तिचा बाप नव्हता. विषय संपला. कोर्टाने एवढंच विचारलं होतं आणि प्रयोगशाळेने एवढंच सांगितलं. त्याचे पूर्वज अरब होते की कोण होते, हा प्रश्न त्या खटल्यात कुणी काढलाच नव्हता. पितृत्वाच्या चाचणीत दोन माणसांचे नमुने एकमेकांशी ताडून बघतात. हजार वर्षांपूर्वीचा खापरपणजोबा कुठून आला, याचं उत्तर त्यातून निघत नाही. निकालात नसलेलं वाक्य निकालाच्या तोंडी घालायचं आणि खाली ‘विज्ञानाने सिद्ध’ लिहायचं, याला मी सरळ लबाडी म्हणते.

आता ७११. त्या साली मुस्लिम फौजा आयबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात, उतरल्या हे शाळकरी पुस्तकातलं सत्य आहे. पण त्या काळी आजच्या अर्थाने आडनावच नव्हतं. माणसाला एक नाव असे, फार तर बापाचं किंवा गावाचं नाव जोडत. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे जाणारं आडनाव कातालोनियात, म्हणजे दालीच्या ईशान्य स्पेनमध्ये, रुजायला अकरावं ते तेरावं शतक लागलं. ते कागदावर पक्कं झालं आणखी उशिरा. १५६३ मध्ये आटोपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदी ठेवायला लावलं, त्यानंतर. मग ७११ मध्ये आलेलं आडनाव कुणी आणलं आणि कशावर लिहून?

भूगोलाकडेही बघा. फिगेरेस आहे एम्पुर्दा भागात, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, फ्रान्सच्या हद्दीजवळ. जवळचं मोठं शहर गिरोना. ते ७८५ मध्येच फ्रँकांकडे, म्हणजे उत्तरेकडच्या ख्रिस्ती राज्याकडे, गेलं आणि बार्सेलोना ८०१ मध्ये. दक्षिणेकडे तोर्तोसा ११४८ पर्यंत आणि येइदा ११४९ पर्यंत मुस्लिम सत्तेखाली राहिली, त्या भागाबद्दल बोलणं वेगळं. दालीच्या मुलखात ती सत्ता साताठ दशकांपलीकडे टिकली नाही. पोस्ट लिहिणाऱ्याने ‘स्पेन’ एवढंच धरलं, म्हणून पार दक्षिणेतलं ग्रानादा आणि उत्तरेतलं गिरोना त्याला एकच वाटले.

एक गोष्ट मला मान्य करावी लागते, मनाविरुद्ध का होईना. ‘दाली’ या शब्दाच्या मुळाशी अरबी असण्याची शक्यता बरीच आहे. मध्ययुगीन कातालानमध्ये ‘अदालिल’ आणि स्पॅनिशमध्ये ‘अदालीद’ असा शब्द होता. सैन्याला वाट दाखवणारा, तुकडीच्या पुढे चालणारा तो अदालिल. हा शब्द अरबी ‘दलील’वरून आला. तोच ‘दलील’ हिंदी-उर्दूतून आपल्या ओळखीचा आहे; अरबीत त्याचा अर्थ वाट दाखवणारा आणि पुरावा दोन्ही. दालीच्या आडनावाचं नातं या शब्दाशी लावलं जातं आणि मला ते पटण्यासारखं वाटतं.

पण शब्द अरबी म्हणून माणूस अरब, ही उडी कुठून मारली? आपल्याकडचे फडणीस घ्या. चिटणीस, सबनीस, पोतनीस, कारखानीस घ्या. यातला ‘नीस’ फारसी ‘नवीस’ आहे, म्हणजे लिहिणारा. मुजुमदार, हवालदार, इनामदार, जहागीरदार ही सगळी दरबारी कामांची नावं अरबी-फारसीतून आली. फडावर बसून हिशेब लिहिणाऱ्या माणसाच्या घराला ते नाव चिकटलं आणि पुढच्या पिढ्यांनी लावलं. सबनीसांच्या घरी जाऊन ‘तुम्ही इराणातून कधी आलात?’ असं विचारायची कुणाची हिंमत होईल का? कातालान राजांच्या सैन्यातल्या वाटाड्याला त्या काळचा चालता शब्द लागला, तो शब्द अरबी होता, एवढंच. वाटाडा त्याच गावात जन्मलेला ख्रिस्ती शेतकरी असू शकतो, मूर असू शकतो, बाटलेला असू शकतो. आडनाव त्यातलं काहीच सांगत नाही.

आणि आडनावच बोलतं असं मानायचं, तर बाकीची का ऐकायची नाहीत? दालीचं पूर्ण नाव साल्वादोर दाली इ दुमेनेक. स्पेनमध्ये दोन आडनावं लावतात, पहिलं बापाचं, दुसरं आईचं. दुमेनेक हे लॅटिन ‘दोमिनिकुस’वरून आलेलं, ‘प्रभूचा’ या अर्थाचं ख्रिस्ती नाव. बापाचं दुसरं आडनाव कुसी. दहा पिढ्या मागे गेलं की प्रत्येकाला १,०२४ पूर्वज असतात, आणि त्यातल्या एकाच रेषेने ते आडनाव येतं. उरलेल्या १,०२३ जणांना पुसून टाकायचं आणि एकाच्या टोपणनावावरून अख्ख्या माणसाचं रक्त ठरवायचं, हा कुठला हिशेब?

मला खरी चीड आहे ती शेवटच्या सल्ल्याची. ‘आजूबाजूच्या आडनावांचा छडा लावा’ हे वाक्य चित्रकलेच्या कुतूहलातून आलेलं नाही. दाली फक्त निमित्त आहे. वाचणाऱ्याने उद्या सोसायटीतल्या पाट्या वाचाव्यात आणि कोण आपलं, कोण बाहेरचं ते ठरवावं, यासाठी ती पोस्ट लिहिली आहे. स्पेनने हा छडा लावून पाहिलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती झालेल्या घराण्यांना पूर्वजांवरून अडवणारे ‘रक्तशुद्धी’चे नियम तिथे शतकानुशतकं चालले, आणि १६०९ ते १६१४ या काळात मोरिस्को लोकांना, म्हणजे बाप्तिस्मा घेतलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, लाखोंच्या संख्येने देशाबाहेर हाकललं. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांच्या वहीत हा विचार चित्रकलेच्या नावाखाली शिरतो आहे, आणि तो तिथे राहू देणार नाही, म्हणून हे लिहिते आहे.

‘दालीने स्वतः कबूल केलं होतं’ हे मात्र अर्धं खरं आहे. त्याने आपले पूर्वज मूर असल्याचं वारंवार सांगितलं. चटकन रापणारी आपली त्वचा आणि झगमगाटाची आवड हीसुद्धा तो त्याच खात्यावर मांडायचा. आपला अरब वंश थेट ‘दोन किहोते’ लिहिणाऱ्या सर्वान्तेसच्या काळापर्यंत जातो, असंही त्याचं म्हणणं होतं. त्यामागची गोष्ट अशी: २६ सप्टेंबर १५७५ रोजी सर्वान्तेस नेपल्सहून परतत असताना कातालान किनाऱ्याजवळ अल्जीयर्सच्या चाच्यांनी त्याचं जहाज पकडलं. तो ज्याच्या वाट्याला आला त्या कप्तानाचं नाव दाली मामी. सर्वान्तेसजवळ बड्या लोकांची पत्रं सापडली, म्हणून दाली मामीला वाटलं की मोठा मासा गळाला लागला. खंडणी भरून सुटायला सर्वान्तेसला पाच वर्षं लागली. आता हा दाली मामी कोण? त्या काळचे कागद त्याला धर्म बदललेला ग्रीक म्हणतात. अरब नव्हेच. शिवाय त्याच्या नावातलं ‘दाली’ हे पिढीजात आडनाव नव्हतं. अक्षरं जुळली आणि चित्रकाराला पूर्वज मिळाला.

दाली आपल्या आयुष्याबद्दल जे सांगायचा ते पुरावा म्हणून घेता येत नाही. आईच्या पोटात असतानाच्या आठवणी सांगणारा माणूस तो. त्याची गोष्ट त्याची कलाकृती म्हणून वाचावी. वंशावळ हवी असेल तर कागद बघावे लागतात, आणि ते काम झालेलं आहे. इयन गिब्सन या चरित्रकाराने १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दालीच्या चरित्रासाठी घराण्याच्या जुन्या नोंदी धुंडाळल्या. त्या माग काढत जातात फिगेरेसजवळच्या ल्येर्स नावाच्या खेड्यात. तिथली ही शेतात राबणारी साधी माणसं. पुढे त्यांच्यातले काही कादाकेसला समुद्राकाठी आले. चित्रकाराचे आजोबा गाल दाली कादाकेसचे, १८४९ चा जन्म. ते कुटुंब घेऊन बार्सेलोनाला गेले आणि १८८६ मध्ये तिथेच त्यांनी आत्महत्या केली. चित्रकाराचे वडील नोटरी होऊन फिगेरेसला आले आणि १९०४ च्या ११ मे रोजी तिथे दाली जन्मला. नोंदींतून दिसणारं घराणं हे असं आहे. यात ना सरदार, ना चाचे.

राहिला अकराचा आकडा. आडनाव दुर्मीळ आहे, कातालोनियातसुद्धा, हे खरं. पण अकरा कुठून आले? पोस्टमध्येच खाली एक नकाशा आहे, त्यात उत्तर आफ्रिकेपासून फिलिपिन्सपर्यंत हजारो ‘दाली’ रंगवलेत. वर अकरा, खाली हजारो, आणि फॉरवर्ड करणाऱ्या एकालाही खटकलं नाही. तो नकाशा रोमन लिपीतली चार अक्षरं मोजतो. अल्जीरियातला दाली, फिलिपिन्समधला दाली आणि ल्येर्सचा दाली यांचा एकमेकांशी संबंध असलाच पाहिजे असं नाही. शेवटच्या अक्षरावर आघात असलेलं कातालान आडनाव त्यात वेगळं काढलेलं नाही.

मोजायचंच असेल तर स्पेनच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेची आडनावांची यादी सगळ्यांना खुली आहे. पण ती वाचायची कशी ते आधी समजून घ्यावं. तिच्यात तीन रकाने असतात: पहिलं आडनाव म्हणून किती, दुसरं म्हणून किती, आणि दोन्ही तेच असलेले किती. देशभरात वीसपेक्षा कमी लोक असतील तर आकडा दाखवतच नाहीत, म्हणून यादीत नसणं म्हणजे नामशेष होणं नव्हे. अक्षरांवरच्या आघातचिन्हांशिवाय नावं छापतात. आणि मोजतात स्पेनमध्ये राहणाऱ्या सगळ्यांना, परदेशातून आलेल्यांनासुद्धा. म्हणजे अल्जीरियाहून आलेला दाली आणि एम्पुर्दातला दाली एकाच ओळीत येतात. ‘गार्सिया’सारख्या, नुसतं पहिलं आडनाव म्हणून १४ लाखांहून जास्त लोक लावतात अशा नावाला याने काही फरक पडत नाही. मूठभर लोकांच्या आडनावाचा मात्र आकडा पार बदलतो. शिवाय ‘जगात’ म्हणायचं तर सीमेपलीकडचं पेर्पिन्यांही धरावं लागेल. तो कातालान मुलूख १६५९ च्या तहाने फ्रान्सकडे गेला आणि तिथल्या लोकांची नोंद फ्रेंच दप्तरात आहे.

हे आडनाव विरळ होत जायला वेगळं गूढ लागत नाही. दालीला मूल नव्हतं. त्याच्या आधी जन्मलेला भाऊ, त्याचंही नाव साल्वादोर, दोन वर्षांचा व्हायच्या आत १९०३ मध्ये गेला. बहीण आना मारियाने लग्न केलं नाही. लग्नानंतर स्पेनमध्ये बायका आडनाव बदलत नाहीत, पण मुलांना आईचं आडनाव दुसरं लागतं आणि पुढच्या पिढीत ते गळून पडतं. आईचं आडनाव पुढे ठेवायची मुभा कायद्याने १९९९ मध्ये आली, आणि बापाचं आपोआप पुढे लागायची पद्धत २०१७ मध्ये थांबली. त्याआधी ज्या घरात मुलगे नव्हते तिथे आडनाव संपलं. अशी कितीतरी कातालान आडनावं संपली असतील. त्यांच्यात कुणी जगप्रसिद्ध चित्रकार झाला नाही, म्हणून त्यांच्यावर पोस्टी निघाल्या नाहीत.

हत्तीचं एका परिच्छेदात संपवते. १९६७ मध्ये एअर इंडियाने दालीकडून राखदाणी करून घेतली: शिंपल्याचा आकार, भोवती साप, आणि खाली हंस-हत्ती, सरळ पाहिलं तर एक आणि उलटं केलं तर दुसरं दिसणारे. मोबदला म्हणून त्याने हत्तीचं पिल्लू मागितलं आणि कंपनीने ते बंगळूरहून खरोखर पाठवलं. पाण्यातल्या प्रतिबिंबात हत्ती होणारे हंस त्याने १९३७ मध्येच रंगवले होते, म्हणजे एअर इंडियाचं नाव निघायच्या कितीतरी आधी. त्याला रक्ताची ओढ कशाला लागते?