बिनडोक्याच्या पुतळ्यापाशी

संग्रहालय एकट्याने बघणाऱ्या लोकांचं बरं असतं. ते सकाळी शांतपणे जातात, हवं तिथे थांबतात, नको ते दालन टाळतात आणि दोन तासांत बाहेर येऊन तृप्त दिसतात. त्यांना मित्र नसतात असं मला म्हणायचं नाही. असतील, पण ते त्यांनी घरी ठेवलेले असतात. आम्हाला ते जमत नाही. सुट्टीच्या तोंडावर कुणीतरी ग्रुपवर टाकतं, ‘या रविवारी म्युझियम?’ आणि ज्यांनी कित्येक महिन्यांत एकाही निरोपाला उत्तर दिलेलं नाही, तेही अंगठा दाखवून मोकळे होतात. संग्रहालयाला नाही म्हणायला जिगर लागते. सिनेमाला नाही म्हटलं तर तुम्ही कामात असता, संग्रहालयाला नाही म्हटलं तर अडाणी ठरता.

रविवारच का, तर शनिवारी निम्म्यांना ऑफिस आणि सोमवारी जगातली कितीतरी संग्रहालयं बंद. रविवारी उरलेलं सगळं जगही तिथेच असतं, ते सोडा.

दारात पिशव्या जमा करायच्या असतात. नियम रास्तच आहे, कारण पाठीवरच्या सॅकला डोळे नसतात आणि मागच्या फुलदाणीला पाय नसतात. पण आमच्यातली एकजण गावाला निघाल्यासारखी येते. तिच्या सॅकमधून पाकीट, फोन, चष्मा आणि ‘आत थंडी असली तर’ म्हणून आणलेली शाल वेगळी काढेपर्यंत मागच्या रांगेतली लहान मुलं आईच्या कडेवर झोपी जातात. बदल्यात एक नंबराचा बिल्ला मिळतो. तो जपून ठेवायचा असतो, म्हणून ती तो इतका जपून ठेवते की संध्याकाळी कुणालाच सापडत नाही.

खरी गंमत त्यानंतर सुरू होते. दर माणसाचा संग्रहालयात चालायचा एक स्वतःचा वेग असतो आणि तो मैत्रीखातरही बदलत नाही. पंचवीस वर्षांची दोस्ती असो, पहिल्या दालनाच्या उंबऱ्यावर ती फुटते. आर्थर मेल्टन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३५ साली संग्रहालयात येणाऱ्यांच्या चालीचा अभ्यास छापला. त्यात दोन गोष्टी होत्या: दालनात शिरल्यावर बहुतेक माणसं उजवीकडे वळतात, आणि बाहेर जायचं दार दिसलं की पाय आपोआप तिकडे ओढले जातात. आमच्यातला एक उजवीकडे वळतो, एक डावीकडे, एक ‘आलोच’ म्हणून स्वच्छतागृहाच्या बाणामागे जातो आणि एक जागचा हलतच नाही. मेल्टनची दुसरी गोष्ट मात्र आम्हाला तंतोतंत लागू पडते.

जागचा न हलणारा, त्याला आम्ही फलक म्हणतो. फलक वाचतो म्हणून फलक. त्याच्या वाचनाची सुरुवात प्रदर्शनापासून होत नाही. आधी कोनशिला, मग देणगीदारांची यादी, मग आग लागल्यास बाहेर पडण्याचा नकाशा. ‘यातही माहिती असते’ असं तो म्हणतो. असते, नाही कोण म्हणतंय? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात २००१ साली छापलेल्या एका पाहणीत एका चित्रापुढे माणूस सरासरी २७ सेकंद थांबतो असं दिसलं, आणि त्यात शेजारची पाटी वाचायचा वेळही धरलेला होता. निम्मे लोक तर १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकले होते. जग सेकंदांत हिशोब करत असताना आमचा माणूस एका मातीच्या खापरापुढे असा उभा असतो की मागून येणारे लोक आधी त्याच्याकडे बघतात आणि मग त्याच्यासाठीही कुठे पाटी लावलीय का ते शोधतात.

बरं, त्याला काही दिसत नाही असंही नाही. ‘इकडे या, इकडे या,’ करून त्याने आम्हाला बोलावलं आणि काचेला नाक टेकवायला लावलं. खापराच्या फुटक्या कडेला, तांबूस मातीवर, पांढऱ्या शाईत एक नंबर लिहिलेला होता. अक्षर इतकं बारीक की लिहिणाऱ्याने श्वास रोखून धरला असणार. संग्रहात वस्तू आली की तिला असा नंबर पडतो, नोंदवहीत तोच चढतो आणि मग ते खापर कुठल्या खड्ड्यातून, कितव्या थरातून निघालं ते सापडतं. नंबर पुसला गेला की वस्तूची ओळखच गेली. हे ऐकून आम्ही खरोखर गप्प झालो. मग फलक म्हणाला, ‘आता याच्या शेजारचं बघू.’ शेजारी त्याच आकाराची, त्याच रंगाची, भिंतीच्या टोकापर्यंत खापरंच खापरं होती. आम्ही पळालो.

पळण्यात सगळ्यांच्या पुढे सॅकवाली. ती संग्रहालय बघत नाही, उरकते. दालनात शिरताना ‘हं’ म्हणते, बाहेर पडताना ‘झालं’ म्हणते, आणि या दोन शब्दांच्या मध्ये दोन हजार वर्षं गेलेली असतात.

अशी पांगापांग झाली की फोन सुरू होतात. संग्रहालयात मोठ्याने बोलायचं नसतं, म्हणून सगळे तोंडावर हात धरून, चोरीचा माल खपवत असल्यासारखे बोलतात.

‘कुठे आहेस?’

‘पुतळ्यांपाशी.’

‘कुठल्या?’

‘अरे, एक बिनडोक्याचा आहे बघ, त्याच्या शेजारी.’

मी मान वर करून पाहिलं. त्या दालनात डोकं असलेला पुतळा औषधालाही नव्हता. हे कुणा एका संग्रहालयाचं दुखणं नाही. जुन्या दगडी मूर्तीची मान हा तिचा सगळ्यात नाजूक भाग असतो. मूर्ती पडली की आधी मान जाते, फोडणाऱ्याचा हातही आधी तिथेच जातो, आणि चोराला पूर्ण धड उचलण्यापेक्षा डोकं उचलणं सोपं.

‘इथे सगळेच बिनडोक्याचे आहेत,’ मी सांगितलं.

‘हात आहे का त्याला?’

‘डावा की उजवा?’

‘थांब, बघतो. माझा डावा की त्याचा डावा?’

एवढ्यात सॅकवाली खांबामागून आली आणि तिने नुसतं विचारलं, ‘सगळे बिनडोक्याचे एकत्र आले का?’ झालं. जिथे हसायला बंदी असते तिथे येणारं हसू वेगळंच असतं. ते तोंडातून येत नाही, नाकातून, डोळ्यांतून, खांद्यांतून येतं. एक आजोबा वळून आमच्याकडे बघू लागले तसं ते आणखी वाढलं. मी एका कमरेवर हात ठेवलेल्या, दोन्ही बाजूंनी तुटलेल्या यक्षाकडे अभ्यासू चेहऱ्याने बघत राहिले. त्याचं बरं होतं, त्याला चेहरा नव्हता.

शस्त्रांच्या दालनात मात्र सगळे आपोआप एकत्र येतात. फिरून दमलेला माणूसही तलवारीपुढे छाती काढून उभा राहतो. आमचा एक इंजिनीअर आहे. तो प्रत्येक तलवारीचं वजन सांगतो. सगळ्या तलवारी वीस किलोच्या वर असतात आणि पूर्वीची माणसंच वेगळी होती. प्रत्यक्षात एका हाताने चालवायच्या बहुतेक तलवारी एक-दीड किलोच्या आसपास भरतात, कारण ती दिवसभर फिरवायची असते. फलकने तिथली पाटी मोठ्याने वाचून दाखवली. इंजिनीअर म्हणाला, ‘ही मुलांची असणार.’

पुढचं दालन लघुचित्रांचं होतं आणि तिथे अंधार होता. इंजिनीअरने वर बघितलं, तोंडाने चुकचुकला आणि रक्षकाला जाऊन सांगितलं की तुमचे दिवे बारीक झालेत, व्होल्टेजचा प्रश्न दिसतो. रक्षक बिचारा अशा इंजिनीअरांना रोज भेटत असणार. कागदावरची चित्रं, जुनी वस्त्रं, हस्तलिखितं यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड पडू देत नाहीत. ऑफिसात टेबलावर तो ५००च्या घरात असतो. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही, आणि झालेलं नुकसान साठत जातं, वस्तू नंतर अंधारात ठेवली तरी भरून निघत नाही. हे सगळं रक्षकाने दोन वाक्यांत सांगितलं आणि तिसऱ्या वाक्यात इंजिनीअरला मोबाईलचा टॉर्च बंद करायला सांगितला.

मला त्या अंधाराची सवय व्हायला जरा वेळ लागला. मग तळहाताएवढ्या कागदावरची एक बाई दिसायला लागली. तिच्या ओढणीतून तिच्या पाठीवरची वेणी दिसत होती, आणि वेणीतले पेड मोजता आले असते. मोजणार होते. तेवढ्यात मागून आवाज आला, ‘झालं का तुझं?’

एका कपाटात काहीच नव्हतं. मखमलीवर वस्तूच्या आकाराचा गडद ठसा आणि एक चिठ्ठी: वस्तू संवर्धनासाठी काढली आहे. आमच्यातल्या फोटोवाल्याने त्याचाही फोटो काढला. त्याला हसलो खरे, पण त्याची परंपरा मोठी आहे. ऑगस्ट १९११ मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून मोनालिसाचं चित्र चोरीला गेलं, तेव्हा भिंतीवरची रिकामी जागा बघायला लोक रांगा लावून आले. त्या गर्दीत सुट्टीवर आलेले दोन लेखक मित्र होते, फ्रान्झ काफ्का आणि माक्स ब्रोड. चित्र आहे जेमतेम ७७ सेंटिमीटर उंच, त्याची रिकामी जागा ती केवढीशी असणार! पण मित्राबरोबर गेलं की माणूस रिकामी भिंतही बघून येतो, आणि वर ‘बघितलं’ म्हणतो.

तिथून पुढे मला दालनं आठवत नाहीत, बाकं आठवतात. दुपार कलली की संग्रहालयातला प्रत्येक माणूस बाकाच्या शोधात असतो, आणि प्रत्येक बाकावर कुणाचे तरी सासरे बसलेले असतात. बसण्यालायक बाकी जे काही दिसतं, त्याच्या दोन्ही हातांवरून दोरी बांधलेली असते. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ सालीच या थकव्यावर लेख लिहून ठेवला आहे. त्यांनी एका माणसाला मांडलेल्या वस्तूंबद्दल साधे प्रश्न दिले आणि उत्तरं शोधताना त्याला कसं वाकावं, उकिडवं बसावं, मान वाकडी करावी लागते त्याचे फोटो काढले. दोष बघणाऱ्याच्या चिकाटीचा नाही, मांडणाऱ्याचा, असं त्यांचं म्हणणं. मला हे गृहस्थ फार आवडतात. पायांची दुखणी सगळ्यांनाच होतात, ती दुसऱ्याच्या नावावर लिहून देणारा माणूस विरळा.

सगळ्यात वरच्या मजल्यावर काय होतं ते आम्हाला माहीत नाही. ‘वर काही विशेष नसतं’ असं सॅकवालीने खालून जिन्याकडे बघून ठरवलं आणि ठराव एकमताने मंजूर झाला. उपाहारगृहात सगळ्यांचे पाय टेबलाखाली लांब झाले. आवडलं काय, यावर मग चर्चा रंगली. एकाला तलवार, एकीला खिडकीतलं झाड, मला ती वेणी. इंजिनीअरला लिफ्ट आवडली होती, जुन्या बनावटीची, जाळीच्या दाराची. ती कशी चालते हे त्याने इतकं रंगून सांगितलं की शेजारच्या टेबलावरची माणसं ती बघायला उठून गेली.

बंद व्हायची घंटा झाली तेव्हा लक्षात आलं की फलक आमच्यात नाही. फोन लावला.

‘कुठे आहेस?’

‘दुसऱ्या दालनात.’

दालनं चौदा होती. दोन रक्षकांच्या मधून तो बाहेर आला, अतिशय प्रसन्न चेहऱ्याने, आणि आमच्याकडे न येता सरळ दारावरच्या माणसाकडे गेला. ‘उद्या किती वाजता उघडता?’ आम्ही सगळे कानात प्राण आणून उभे राहिलो. याने रजा टाकली तर हा एकटा येणार नाही, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

‘उद्या सोमवार,’ तो माणूस कुलूप हातात घेत म्हणाला. ‘बंद.’

सोमवारचं नाव ऐकून नोकरदार माणसांच्या घोळक्याने टाळ्या वाजवल्याचं त्याने तरी पूर्वी पाहिलेलं नसावं.