ताण

भुसावळात संत्र्याचं झाड लावायचं म्हटलं की लोक आधी तुमच्याकडे पाहतात, मग सूर्याकडे. वास्तविक वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या बागाही उन्हाळ्यात 45 अंशांतच उभ्या असतात. पण आमच्या गल्लीत केळीपलीकडचं फळ कुणाच्या मनातच रुजत नाही. त्यात आईचं माहेर केळीच्या रावेरचं. तिच्या लेखी झाडाला पाणी नाकारणं म्हणजे दारचा पाहुणा उपाशी परत पाठवणं.

जंबेरी लिंबाच्या खुंटावरचं कलम गच्चीवरच्या ड्रममध्ये लावलं. पहिली काही वर्षं त्याने फक्त फुलपाखरं पिकवली. त्यांची अळी मोठी झाली की पानात पान होऊन बसते, आणि बोट लावलं की डोक्यातून केशरी शिंगं काढून उग्र वास सोडते. आमच्या झाडावर केशरी दिसलं ते एवढंच. शिवाय खुंटाला फुटणारे काटेरी पानसोट छाटत राहायचे; नाहीतर संत्रं बाजूला राहतं आणि जंबेरी घर बळकावते.

पण खरा छळ ताणाचा. फुलं हवीत तर संत्र्याचं पाणी तोडावं लागतं. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाच्या तोंडाशी येणाऱ्या फुलांसाठी, ऐन मे महिन्यात! काळ्या जमिनीत ताण बसायला महिना-दीड महिना लागतो, आमच्या ड्रममध्ये तो सकाळी अकरालाच बसतो. म्हणून थंडीतला आंबे बहार धरायचं ठरवलं. डिसेंबरात पाणी बंद.

"त्याने तुझं काय घोडं मारलं रे?" आईने भाकरी थापता थापता विचारलं.

माती मात्र रोज ओली. आई डाळ धुतलेलं पाणी ओतायची. शेजारचे केळीवाले आप्पा "काय भो, झाड वाळून राह्यलं ना!" म्हणत तांब्या रिकामा करायचे. मी 'पाणी घालू नये' अशी पाटी लावली. दुसऱ्या दिवशी पाटीही ओली.

जानेवारीत मोठी जलवाहिनी फुटली आणि गल्लीच ताणावर गेली. टँकरचं पाणी झाडाला कोण देणार? पानं मलूल झाली, थोडी गळाली. नळ आल्यावर मी हलकं पाणी दिलं, आणि फेब्रुवारीत गच्ची घमघमली.

आई आल्यागेल्याला सांगते, डाळीच्या पाण्याचा गुण. तेव्हापासून घरात दोन्ही वेळा वरण. मी भरिताचं नाव काढलं तर म्हणते, "वांगं धुवायला पाणी लागतं कितीसं?"